कंसातले नाव

बाबा डिसेंबर २०२४ मध्ये गेले. तेराव्याचे पाहुणे परतले, ओटीवरच्या सतरंज्या झटकून ठेवल्या गेल्या आणि त्याच संध्याकाळी आईने लोखंडी कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "सगळा तेंनी लावन ठेवलेला आसा, तू फकत बघ," एवढेच ती म्हणाली. ३४ वर्षे तलाठी म्हणून नोकरी केलेल्या माणसाच्या कपाटात कागद नीट असणार, याविषयी मला शंका नव्हती. मात्र त्या कागदांमागे पुढचे सहा महिने मला फिरावे लागेल आणि माझ्या वडिलांनी आयुष्यभर नेमके काय काम केले, हे त्या फिरण्यातून मला वयाच्या चाळिशीत कळेल, असे तेव्हा वाटले नव्हते.

कुटुंब निवृत्तिवेतनाचे काम ओरोसच्या कोषागारात दोन फेऱ्यांत झाले. आईबरोबरचा संयुक्त फोटो, तिच्या जन्मतारखेचा पुरावा, बँकेचे पासबुक आणि निवृत्तिवेतन आदेशाची प्रत बाबांनी एका पाकिटात टाचून ठेवली होती. पाकिटावर 'माझ्यानंतर' एवढाच शब्द होता. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. ती भावाने ग्रामपंचायतीत पहिल्याच आठवड्यात केली होती. राहिली ती जमीन.

आमचे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात, किनाऱ्यालगत आहे. जमीन म्हणाल तर भाताचे दोन कुणगे, माडांची एक लहानशी बाग आणि डोंगरावरची वरकस, म्हणजे हलकी जमीन, तीही सामाईक. कोकणातल्या घराघरात असतो तसाच आमचाही सातबारा लांबलचक आहे: ३७ नावे, त्यांतली निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत आणि काहींची मुले कुठे आहेत हे फक्त गणपतीत कळते. त्या ३७ नावांत बाबांचे नाव शोधले तेव्हा पहिली अडचण दिसली. नाव होते, आडनाव होते, पण मधले नाव आजोबांचे नव्हते. ते आजोबांच्या धाकट्या भावाचे होते. जुन्या हस्तलिखित सातबारावर बाबांचे आणि त्यांच्या चुलतभावाचे नाव लागोपाठच्या ओळींत आहे. संगणकावर नोंदी घेताना कोणाची तरी नजर एक ओळ खाली घसरली आणि बाबा कागदोपत्री आपल्या काकांचे मुलगे ठरले.

मृत्यूच्या दाखल्यावरचे नाव आणि सातबारावरचे नाव जुळत नसेल, तर वारस नोंद होत नाही. आधी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनप्रमादाची, म्हणजे लिहिताना झालेल्या चुकीची, दुरुस्ती मागायची, तिचा तहसीलदारांचा आदेश घ्यायचा, त्या आदेशाचा फेरफार, म्हणजे बदलाची नोंद, होऊ द्यायचा आणि मग वारसांचा अर्ज पुढे सरकायचा. इकडे कलम १४९ सांगते की वारसाहक्काने जमीन आली, तर ३ महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी, म्हणजे खबर, द्यावी. ही कलमे मला पाठ होती, आणि त्यात माझे काही कर्तृत्व नाही. आमच्या घरात संध्याकाळी दिवा लावल्यावर शुभंकरोतीनंतर पाढे व्हायचे आणि पाढ्यांनंतर, बाबा रंगात असले तर, गाव नमुने व्हायचे. गाव नमुना एक ते एकवीस. सातवा अधिकार अभिलेखाचा आणि बारावा पिकांचा, म्हणून सातबारा. सहावा फेरफाराचा, सहा-क वारसांचा, आठ-अ खात्याचा. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला त्याचा काय उपयोग, असे आई विचारायची. बाबा म्हणायचे, "उपयोग नंतर होईल. आत्ता फक्त पाठ होऊ दे."

कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक निळी फाईल होती. तिच्यात आमच्या जुन्या हस्तलिखित सातबाराची प्रमाणित प्रत होती. आजोबा १९८८ मध्ये वारले, त्या वेळच्या वारसाच्या फेरफाराची प्रत होती, बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला होता, आणि सर्वांत वर बाबांच्या हातचा एक पानी अर्ज होता: मा. तहसीलदार यांस, कलम १५५ अन्वये लेखनप्रमाद दुरुस्त होणेबाबत. पाच मुद्दे, प्रत्येक मुद्द्यापुढे कोणत्या कागदावरून तो सिद्ध होतो त्याचा पान क्रमांक, शेवटी जोडपत्रांची यादी. अर्ज पूर्ण होता. खाली फक्त तारीख आणि सही नव्हती.

तो अर्ज हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिले. बाबांना चूक ठाऊक होती. पुरावे जमवले होते, मसुदा लिहिला होता, आणि तरीही तो दिला नव्हता. दुसऱ्याचा कागद एक दिवस अडला तर ज्यांना जेवण गोड लागत नसे, त्या माणसाने स्वतःचा अर्ज का थांबवून ठेवला असेल, याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले नाही.

बाबा १९७९ मध्ये नोकरीला लागले तेव्हा आमचा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्यांच्या नोकरीची वर्षे देवगड, वेंगुर्ले आणि सावंतवाडी या तीन तालुक्यांतल्या सजांवर, म्हणजे तलाठ्याकडे सोपवलेल्या गावांच्या गटांवर, गेली. लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत. तलाठ्याचे काम म्हणजे शेतसाऱ्याची वसुली, पीकपाहणी, पंचनामे, निवडणुका आणि अखंड लिहिणे. या सगळ्यात तरुण मुलांसाठी काही करावे असे कुठल्या परिपत्रकात लिहिलेले नव्हते. पण खेड्यातल्या मुलाच्या आयुष्यात दहावी-बारावीनंतरचा जून महिना किती अवघड असतो, हे तलाठ्याच्या टेबलावर जितके स्पष्ट दिसते तितके शाळेतही दिसत नाही. निकाल लागतो, प्रवेशाची तारीख जाहीर होते, आणि मग उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर यांसाठी आईबाप भर पावसात चावडीपासून तालुक्यापर्यंत धावत सुटतात. गुण असतात, जागा असते, आणि कागद दोन दिवस उशिरा येतो.

बाबांनी यावर शोधलेला उपाय अगदी साधा होता, आणि मला तो आजही विलक्षण वाटतो. मार्चमध्ये परीक्षा सुरू असतानाच ते सजातल्या शाळांमध्ये जाऊन दहावी-बारावीच्या मुलांची नावे उतरवून आणायचे. ३१ मार्चपर्यंत वसुलीची घाई असायची. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाशी बांधलेला असल्यामुळे त्याची चौकशी आधी करून फायदा नव्हता. म्हणून १ एप्रिल उजाडला की ते वाडीवाडीने निघायचे. एप्रिल-मे म्हणजे काजू वेचण्याचे, आंबे उतरवण्याचे दिवस. माणसे घरी सापडत नाहीत, बागेत सापडतात. बाबा बागेत जायचे. घरात कमावते किती, मुंबईहून मनीऑर्डर येते का, होडी स्वतःची की भागाची, हे तिथेच विचारून चौकशीचा अहवाल तयार करायचे. निकाल लागेपर्यंत बहुतेक मुलांचे अहवाल त्यांच्या दप्तरात वाडीवार लावून ठेवलेले असत. जूनमध्ये छत्री निथळत दारात आलेल्या बापाला ते "उद्या या" म्हणत नसत, कारण त्याचे काम एप्रिलमध्येच झालेले असे. सरकारी कामांना ठरावीक मुदत घालून देणारा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. बाबा २०१३ मध्ये निवृत्त झाले होते.

मी स्वतः जानेवारीपासून सजाच्या कार्यालयात जाऊ लागले, तेव्हा "उद्या या" या दोन शब्दांचा अर्थ मला कळू लागला. मी रत्नागिरीला शिकवते. पहाटेच्या गाडीने निघायचे, फाट्यावर उतरून दुसरी गाडी धरायची आणि कार्यालय उघडायच्या वेळी दारात उभे राहायचे, म्हणजे एक रजा आणि एक पूर्ण दिवस. पहिल्या खेपेला सर्व्हर बंद होता. दुसऱ्या खेपेला अधिकारी पंचनाम्यासाठी बाहेर होते. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला गेला, पण शपथपत्रावर वारसांचे पूर्ण पत्ते नाहीत म्हणून परत मिळाला, आणि हे पहिल्याच दिवशी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. तलाठी या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. आमच्याकडचे अधिकारी तरुण आणि नम्र आहेत, त्यांच्याकडे एकाहून अधिक सजांचा भार आहे. माझी त्यांच्यावर तक्रार नाही. ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या अर्जही करता येतो, आणि नंतर भावाने वारसाचा अर्ज तसाच भरला. पण बाकावर माझ्या शेजारी बसलेली एक मुलगी शिष्यवृत्तीच्या कागदासाठी चौथ्यांदा आली होती, आणि तिच्या अर्जाची मुदत त्या शनिवारी संपत होती. मला उशीर झाला तर फक्त एक रजा जाणार होती. तिचे वर्ष जाणार होते. त्या बाकावर बसून मला बाबांचा एप्रिल महिना आठवत राहिला.

माझ्या स्वतःच्या कागदाची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. २००२ मध्ये मी बारावी झाले. डी.एड.च्या प्रवेशासाठी अधिवासाचा दाखला हवा होता. बाबा ज्या कार्यालयात रोज बस्ते घेऊन जात तिथेच तो मिळायचा, म्हणून माझ्या समजुतीप्रमाणे माझे काम एका निरोपात व्हायला हवे होते. बाबांनी त्या दिवशी किरकोळ रजा टाकली, मला घेऊन एस.टी.ने तालुक्याला आले आणि माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले. आतून एका कारकुनाने त्यांना पाहिले, हाक मारली, खुर्ची पुढे केली. बाबा म्हणाले, "आज मी रजेवर आहे. अर्जदाराचा वडील म्हणून आलोय." आमच्यापुढे अकरा माणसे होती. दुपारी जेवणाची सुट्टी झाली, खिडकी बंद झाली, पुन्हा उघडली. आमचा नंबर आला तेव्हा एका जोडपत्रावर साक्षांकन राहिले होते आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी परत यावे लागले. मी त्यांच्याशी परतीच्या गाडीत एक शब्द बोलले नाही. त्यांनी फाट्यावर मला कोकम सरबत घेऊन दिले आणि माझ्या हातातली फाईल पावसाने भिजू नये म्हणून आपल्या सदऱ्याच्या आत धरली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा रजा काढली. वर्षभरात स्वतःच्या आजारपणासाठीही ज्यांनी क्वचित रजा घेतली, त्यांनी माझ्या एका दाखल्यासाठी दोन रजा दिल्या. त्यांनी मला पुढे नेले नाही, पण एकटे रांगेतही ठेवले नाही. हे कळायला मला वीस वर्षांवर लागली.

बाबांना मोडी वाचता येत असे. वेंगुर्ल्याकडच्या सजावर असताना एका वृद्ध निवृत्त शिक्षकांकडून त्यांनी ती रात्री बसून शिकून घेतली होती. कारण पुन्हा मुलेच होती. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश मिळाला की जात पडताळणी लागते, आणि पडताळणीसाठी ठरावीक तारखेच्या आधीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. इतक्या मागचा कागद खेड्यातल्या घरात कुठून असणार? आजोबा शाळेत गेलेले नसत. पणजोबांचे नाव सापडलेच, तर गाव नमुना चौदामध्ये, म्हणजे कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या वहीत सापडायचे, आणि तीही जुनी असली तर मोडीत. अधिकृत लिप्यंतर करणारे लोक असतात, पण त्यांच्याकडे जाण्याआधी शेकडो पानांतले नेमके पान माहीत असावे लागते. ते पान बाबा शोधून द्यायचे. रविवारी, स्वतःच्या वेळात, मुलाला शेजारी बसवून. ओळीवर पट्टी ठेवून ते अक्षरे सुटी करत वाचायचे, आणि नाव लागले की मुलाला म्हणायचे, "हे बघ, हा तुझा पणजा." त्या मुलांना दाखल्यापेक्षा तो क्षण अधिक लक्षात राहिल्याचे तेराव्याला आलेल्या दोघा-तिघांनी मला सांगितले. त्यांतला एक आता जहाजावर आहे. तो म्हणाला की आपल्याला पणजोबा होता हे त्याला त्या दिवशी समजले.

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आले तेव्हा बाबा किनाऱ्यावरच्या सजावर होते. किनाऱ्यावर होड्या फुटल्या, जाळी गेली, आणि समुद्रात गेलेली काही माणसे परत आली नाहीत. पंचनाम्याच्या छापील नमुन्यात घर, होडी, जाळे, जनावर यांचे रकाने असतात. भिजून लगदा झालेल्या शाळेच्या दाखल्यासाठी रकाना नसतो. बाबांनी तो शेऱ्यात लिहिला: 'मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला व गुणपत्रक पाण्यात नष्ट.' वरिष्ठांनी विचारले, याची भरपाई मिळते का? मिळत नाही. पण दुय्यम प्रत मागताना त्या मुलाला मूळ कागद कसा गेला हे सिद्ध करावे लागणार होते, आणि त्याच्या हातात पंचनाम्याची नक्कल असणार होती. हा प्रसंग मी बाबांकडून ऐकला नाही. तो त्यांच्यासोबत तेव्हा असलेल्या कोतवालांनी, आमच्या पडवीच्या पायरीवर बसून, डोळे पुसत सांगितला.

फेब्रुवारीत मी बाबांचा मसुदा नव्याने लिहायला घेतला. अर्जदार आता ते नव्हते, आम्ही होतो. बाबांचे पान समोर ठेवून मी एकेक वाक्य उतरवत गेले. जिथे त्यांनी 'मी' लिहिले होते तिथे 'आमचे वडील कै.' असे करावे लागत होते. 'माझे नाव चुकीने लागले आहे' या वाक्यापाशी पेन थांबले. क्रियापद बदलायचे होते. 'लागले आहे' चे मी 'लागले होते' केले, मग पुन्हा खोडले, कारण नाव तर अजूनही तसेच लागलेले होते. बाबा असते तर त्यांनी ही चूक बरोबर पकडली असती. ते म्हणायचे, अक्षर आणि वाक्य असे हवे की तीस वर्षांनी वाचणाऱ्याला मला बोलवावे लागू नये. त्यांचे अक्षर गोल, सुटे आणि ठाम होते. प्रत्येक 'र' वेगळा, प्रत्येक काना पूर्ण उंचीचा. माझ्या हाताला ते वळण नाही. पाच मुद्दे मात्र मी जसेच्या तसे ठेवले, त्यांचा क्रमही.

दुरुस्तीला चुलतकाकांच्या मुलांचे जबाब लागणार होते, कारण चुकलेल्या नावाचा संबंध त्यांच्या वडिलांशी येत होता. ते सगळे मुंबईला. मार्चमध्ये शिमग्याला चाकरमानी गावी आले, पालखी घरोघर फिरत होती, आणि त्याच दोन दिवसांत आम्ही जबाब उरकले. सामाईक जमिनीच्या गोष्टीत भावकीत शब्दाला शब्द लागायला वेळ लागत नाही, म्हणून मला धास्ती होती. पण थोरल्या चुलतभावाने कागद वाचलाही नाही. "भाऊंनी लिवलेला असा ना? मगे सही खय करू ता दाखव," असे म्हणून त्याने सही केली. तहसीलदारांचा आदेश एप्रिलमध्ये झाला. फाईल पाहणाऱ्या लिपिकांनी पुरावे कोणी लावले असे विचारले, मी सांगितले. ते काही बोलले नाहीत, फक्त फाईल पुन्हा पहिल्या पानापासून चाळली.

मग वारसांची नोंद. बहुतेक ठिकाणी ज्यावर गाडी अडते, त्यावर आमची अडली नाही, आणि त्यामागे बाबांचेच एक जुने भांडण आहे. १९८८ मध्ये आजोबा वारले तेव्हा गावची रीत अशी होती की वारस म्हणून मुलगे सांगायचे. मुली सासरी गेल्या, त्यांची नावे कशाला? बाबा तेव्हा दुसऱ्या तालुक्यात नोकरीला होते, पण घरातले थोरले तेच. त्यांनी माझ्या दोन्ही आत्यांची नावे वर्दीत लिहिली. भावकीतले वडीलधारे रागावले, घरात दोन वर्षे बोलणे तुटले. बाबांचे म्हणणे एवढेच होते की वारस कोण हे तलाठी ठरवत नाही, भावकीही ठरवत नाही; तलाठ्याने फक्त खरे लिहायचे असते. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः समान हक्क दिला, पण वडिलांच्या मागे मुलगी वारस असते हे त्याआधीही खरेच होते. आपल्या सजांवरसुद्धा त्यांनी मुलींची नावे वगळलेली वर्दी कधी मुकाट्याने घेतली नाही. एखाद्या मुलीला शिक्षणासाठी, व्यवसायासाठी कर्ज काढायचे असेल, तर तिच्या नावावर काहीतरी असले पाहिजे, असे ते बाकावरच्या भावांना समजावत. मुलगी सामोरी बसलेली असेल तर तिलाही समजावत, कारण हक्कसोडीवर सही करायला ती स्वतःच आधी पेन मागायची.

आमच्या अर्जात तीन नावे गेली: आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. माझे नाव भावाने स्वतः लिहिले. सहा-कच्या नोंदवहीत वारस ठराव मंजूर झाला, त्यावरून फेरफार धरला, नमुना नऊची नोटीस निघाली. हरकतीसाठी १५ दिवस असतात. ते १५ दिवस मे महिन्याच्या शेवटी सुरू झाले. त्याच दिवसांत मी आईकडे राहायला आले, आणि पडवीतले बाबांचे टेबल आवरायला घेतले.

निवृत्तीनंतर ११ वर्षे ते टेबल मांडलेले होते. कोकण विभागीय मंडळ २०१२ मध्ये रत्नागिरीला सुरू झाले, तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात कोकण राज्यात पुढे असतो. बाबांना त्याचा अभिमान होता आणि त्याचीच खंतही होती. इतकी हुशार मुले मिळेल त्या खासगी नोकरीसाठी मुंबई गाठतात आणि स्पर्धा परीक्षेच्या वाटेला जात नाहीत, हे ते कळवळून बोलायचे. म्हणून संध्याकाळी पाच ते आठ पडवी उघडी. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस भरती, जे असेल ते. २०२३ मध्ये राज्यात तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची भरती निघाली तेव्हा पडवीत बसायला जागा नव्हती. मराठी, इंग्रजी, सामान्यज्ञान आणि बुद्धिमापन यांचे प्रत्येकी २५ प्रश्न, एकूण २०० गुण. मुले गाईड घेऊन यायची आणि बाबा त्यांच्यासमोर खरा सातबारा ठेवायचे. यातला खातेदार कोण? कुळ कोणत्या रकान्यात? हे नाव कंसात का आहे? मेलेल्या किंवा हक्क गेलेल्या माणसाचे नाव सातबारावरून पुसले जात नाही, त्याला कंस होतो, आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक पडतो, हे मी प्रथम ऐकले ते लहानपणी, पण त्या मुलांबरोबर पुन्हा कितीदा ऐकले. "कंस म्हणजे माणूस गेला असे नाही," ते मुलांना सांगत, "पुढचा माणूस कुठून आला ते कळायला कंस असतो."

टेबलाच्या खणात लांबट हिशेबाच्या वह्या होत्या, १९८३ पासूनच्या. मला वाटले घरखर्चाच्या असतील. उघडल्या तर प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले सहा रकाने: नाव, वाडी, कशासाठी हवे, कधीपर्यंत हवे, काय अडले, हाती दिले. दाखले, नकला, मोडीची पाने, परीक्षेचे अर्ज. 'काय अडले'च्या रकान्यात माणसाला दोष नाही, फक्त कागदाचे नाव. 'हाती दिले'च्या रकान्यात तारीख आणि त्या मुलाची किंवा मुलीची आद्याक्षरे, त्यांच्याच हातची. काही ठिकाणी तो रकाना रिकामा होता, आणि तिथे बाबांनी तांबड्या शाईने 'उशीर झाला' असे लिहिले होते. अशा तांबड्या ओळी फार नाहीत. पण प्रत्येक नवी वही सुरू करताना पहिल्या पानावर मागच्या वहीतल्या तांबड्या ओळी त्यांनी पुन्हा उतरवलेल्या होत्या, नावासकट. २००२ च्या वहीत मी स्वतःला शोधले. माझे नाव होते, इतरांसारखेच, आडनाव आधी. 'काय अडले': साक्षांकन. 'हाती दिले': तारीख, आणि माझी रागाने ओढलेली आद्याक्षरे. ती मी कधी केली, हे मला आठवतसुद्धा नव्हते.

शेवटच्या वहीचे शेवटचे लिहिलेले पान ऑक्टोबर २०२४ चे होते. खालून चौथ्या ओळीत बाबांनी आपले नाव लिहिले होते. कशासाठी: १५५ दुरुस्ती, स्वतःची. कधीपर्यंत हवे: घाई नाही. त्याच्या खालच्या तीन ओळी मुलांच्या होत्या, त्यांना नोव्हेंबरच्या तारखा होत्या, आणि तिघांची आद्याक्षरे शेवटच्या रकान्यात पडलेली होती.

फेरफार जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केला. त्याच संध्याकाळी पावसात वीज गेली होती. भावाने मोबाइलवर सातबारा उतरवला आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून छापून आणला. बाबांचे नाव, आता योग्य मधल्या नावासह, कंसात होते. त्याखाली आईचे, माझे आणि भावाचे. आईने चष्मा लावून तो कागद दिव्याजवळ धरला आणि बाबांच्या नावावरून बोट फिरवले. मग म्हणाली, "वही काढ गो. तेंचा काम झाला, ता तेंच्या वहीत लिव."

मी वही उघडली. सहाव्या रकान्यात तारीख घातली. आद्याक्षरे कोणाची करायची, असे मी तिला विचारले. तिने पेन माझ्या हातातून घेतले. आई चौथीपर्यंत शिकलेली आहे, सही करते, पण लिहायचा तिला सराव नाही. तिने सावकाश, रकान्याची रेघ न ओलांडता, आपली आद्याक्षरे लिहिली. बाहेर पायरीवर दोन मुली छत्र्या मिटत होत्या. त्यांतल्या एकीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली गुणपत्रिका होती. पाच वाजले होते. भावाने पडवीचा दिवा लावला, आणि मी वहीचे नवे पान आखायला पट्टी शोधू लागले.